जाळीआडची क्षमा

सिल्विया मॅडमनी पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली आणि उलटी केली. चर्चच्या अंगणात, फरशीवर, रविवारची मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, नुकती सुटलेली असताना.

डबा पडला. झाकण उडालं, भाकरी बाहेर आली, ठेचा फरशीला लागला. कंगवा पडला. प्लॅस्टिकच्या मण्यांची जपमाळ पडली. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पॅड पडलं आणि त्याचा कागद सुटला. गायनमंडळातले पुरुष समोरच उभे होते. माझ्या घरापासून चार घरं सोडून राहणारा रिक्षावाला होता. एकानंही मान फिरवली नाही.

"पदर झटक," सिल्विया मॅडम म्हणाल्या.

मी झटकला. कर नाही त्याला डर कशाला, असं तेव्हा मनात आलं. पदरातून काही पडलं नाही. मॅडमना त्याचं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"साखळी हिनं कुठं ठेवली असेल कोण जाणे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमचं घराणं चारशे वर्षांचं ख्रिस्ती. आमच्यात असं कधी ऐकलं नाही. हे लोक गव्हासाठी बाप्तिस्मा घेतलेले. यांना माउली काय आणि साखळी काय."

मी खाली बसून एकेक वस्तू गोळा केली. सगळ्यात आधी पॅड. भाकरी तिथंच सोडली. कावळ्यांनी नेली असेल.

आमचं चर्च कुठलं ते मी सांगत नाही. नाशकातलंच. मी तिथं झाडलोट करायची. वेदीवरची कापडं धुवायची, फादरांचे झगे इस्त्री करायची, फुलदाण्यांतलं पाणी बदलायची. बाजूच्या दाराची किल्ली माझ्याकडं असायची. मला त्या किल्लीचा अभिमान होता. कमरेला खोचलेली असायची आणि चालताना टोचायची, तरी मी ती पिशवीत टाकत नसे.

सिल्विया मॅडम आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नवऱ्याचा सातपूरला कारखाना. चर्चमधले पंखे त्यांनी दिलेले, माईक त्यांनी दिलेला. पंख्यांवर त्यांच्या सासूबाईंचं नाव रंगवलेलं आहे. म्हणजे उकडायला लागलं की आम्ही वर बघायचं आणि त्यांच्या सासूबाईंच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. मरियामातेच्या मूर्तीच्या गळ्यातली सोन्याची साखळीही त्यांचीच भेट. माउलीच्या जन्माच्या सणाला ती घालायची, एरवी कपाटात. त्या वर्षी सण झाला, मूर्ती पुन्हा कोनाड्यात गेली आणि पुढच्या रविवारी साखळी कपाटात नाही असं लक्षात आलं. कपाटाजवळ कोण जातं? झाडणारी जाते. झालं, निकाल लागला.

त्या गव्हाबद्दल सांगते. माझे आजोबा नगरकडचे. त्यांनी गव्हासाठी बाप्तिस्मा घेतला की नाही, मला माहीत नाही. घेतला असेल. ज्यांच्या देवळाच्या पायरीवर त्यांची सावली चालत नव्हती, त्यांचा देव त्यांनी सोडला. ज्यानं ताटात गहू वाढला, त्याचा देव घेतला. यात चोरी कुठं आली? उपाशी माणूस दार ओळखतो. मॅडमच्या पूर्वजांनी चारशे वर्षांपूर्वी कशासाठी बाप्तिस्मा घेतला, ते त्यांना कुणी विचारत नाही. बाप्तिस्मा जुना झाला की त्याचं कारण कुणी विचारत नसावं.

पोलिसांत कुणी गेलं नाही. फादर म्हणाले, चर्चची बदनामी होईल, शांत राहा. मला वाटलं, माझ्यावर दया केली. नंतर कळलं. पोलीस आले असते तर चौकशी झाली असती, शोध लागला असता, मी सुटले असते. चौकशी नाही म्हणून सुटकाही नाही. मला कामावरून काढलं नाही, फक्त किल्ली काढून घेतली. मी झाडत असताना आता मंडळातली कुणीतरी एक बाई मागच्या बाकावर जपमाळ घेऊन बसायची. मी वेदीपाशी गेले की तिचे मणी थांबायचे.

मिस्सेत एक वेळ येते, तेव्हा फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. मग सगळे शेजारच्याला हात जोडतात, हसतात. माझ्या डावीकडची बाई उजवीकडं वळायची आणि उजवीकडची डावीकडं. मी मधे हात जोडून उभी. कुणी पर्स मांडीवर घ्यायचं, कुणी लेकराला पलीकडच्या बाजूला सरकवायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी आईला म्हणायचे, मी चर्चला येणार नाही. आई म्हणायची, "नाय आलीस तर लोक म्हनतील, चोर व्हती म्हनून तोंड लपावलं." म्हणून जायची.

आई माझ्याजवळच राहते. नवरा वारल्यापासून आम्ही दोघीच. तिचं सगळं आयुष्य मिशनच्या बोर्डिंगात भाकरी थापण्यात गेलं. तिच्या लेखी फादर म्हणजे देवाच्या घरचा दरवाजा.

असे महिने गेले. ख्रिसमस गेला. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला.

उपवासकाळातल्या एका रविवारी मी चर्चमध्ये शिरले आणि थांबले. सण नव्हता, तरी साखळी माउलीच्या गळ्यात होती. माझ्या छातीवरून धोंडा उतरला. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सापडली. आता सगळ्यांना कळेल. मिस्सा संपत आल्यावर फादर बोलायला उभे राहिले.

"माउलीची साखळी परत मिळाली आहे," ते म्हणाले. "ती कुणाकडून आली, कशी आली, हे कुणी विचारू नये, कुणी बोलूही नये. आपण देवाच्या दयेचे आभार मानू या."

आणि अख्खं चर्च वळून माझ्याकडं बघायला लागलं.

आमच्यातलं ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. आम्ही पाप केलं की कन्फेशनला जातो. लाकडी खोली असते, मधे जाळी असते. जाळीच्या एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला आपण गुडघ्यावर. आपण पाप सांगायचं, ते देवाच्या नावानं क्षमा देतात. तिथं ऐकलेलं फादर कुणालाही सांगत नाहीत. मान कापली तरी नाही. चोरी केलेली असेल तर चोरलेली वस्तू परत द्यावी लागते, आणि लाज वाटत असेल तर फादरांच्या हातून देता येते. ते देणाऱ्याचं नाव घेत नाहीत. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सगळ्यांनी शिकलेलं. तेव्हा फादर म्हणाले 'कुणी विचारू नये', आणि सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. चोरानं कन्फेशन केलं. चोरानं साखळी परत दिली. आणि चोर कोण, ते तर अंगणातच ठरलं होतं.

बाहेर आल्यावर लोक माझ्याशी चांगलं वागायला लागले. हे सगळ्यात वाईट. ज्या बाईनं महिनोन्‌महिने मला शांती दिली नव्हती, तिनं पाठीवरून हात फिरवला. "बरं केलंस गं," ती म्हणाली. "मोकळी झालीस."

"मी काय केलं?" मी विचारलं.

"नको बोलूस. फादर म्हणाले ना, बोलायचं नाही." आणि ती समजूतदारपणे हसली.

साखळी हरवलेली होती तोवर मी संशयित होते. साखळी परत आली आणि मी पक्की चोर झाले. वर पश्चात्ताप झालेली चोर. आणि तोंड उघडायची सोय नाही, कारण जो तो मला गप्प करून माझ्यावर उपकार करत होता.

घरी आले. आईनं ताट वाढलं. मी घास घेतला. आई समोर बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "खरं सांग, बाय. घेतली व्हतीस का तू? म्या कुनाला सांगनार नाय."

मी तिच्याकडं बघत राहिले. जिनं मला जन्म दिला ती. दुसऱ्याच्या शेतातलं बोर उचललं म्हणून जिनं माझ्या हातावर उलथनं मारलं होतं ती. तिनंसुद्धा वाट बघितली आणि शेवटी फादरांच्या माइकवर विश्वास ठेवला. मी ताट सरकवून उठले. त्या दिवशी मला मॅडमचा जेवढा राग आला नव्हता तेवढा आईचा आला. आणि ज्यांनी तिला तिथवर आणलं त्यांचा त्याहून जास्त.

त्याच आठवड्यात मी वेदीची कापडं इस्त्री करत होते. सिल्विया मॅडम आल्या. दार लोटून घेतलं. इस्त्रीकडं बघत म्हणाल्या, "मला तुझ्याशी बोलायचंय. ती साखळी ना, माझ्याकडंच होती."

मी इस्त्री उभी केली.

"सणाच्या दिवशी तिचा फासा सैल वाटला, म्हणून मीच काढून रुमालात बांधली. घरी गेल्यावर पैठणी घडी घालून ठेवली, त्यातच रुमाल गेला. माझ्या डोक्यातूनच गेलं गं. आता भाचीच्या साखरपुड्याला पैठणी काढली आणि रुमाल पडला. मला तर घामच फुटला."

घाम फुटला म्हणे. माझी पिशवी उलटी करताना फुटला नव्हता.

"मी लगेच कन्फेशनला गेले," त्या पुढं म्हणाल्या. "फादरनी क्षमा दिली. देवाचं आणि माझं मिटलं. मला इतकं हलकं वाटतंय, काय सांगू. आता तूही मनात काही ठेवू नकोस हं."

"मॅडम, हे अंगणात सांगा."

"काय?"

"जिथं माझी पिशवी ओतलीत तिथं. रविवारी. मिस्सा सुटल्यावर."

त्या एकदम दाराकडं बघायला लागल्या, बाहेर कुणी ऐकत असल्यासारख्या. "वेडी आहेस का? मी अध्यक्ष आहे. मिस्टरांचं नाव आहे. लोक काय म्हणतील? आणि आता तर कुणी तुला काही बोलतसुद्धा नाही. सगळे विसरले."

"माझी आई विसरली नाही. तिला वाटतं मी चोर आहे."

"मग आईला घरी सांग ना," त्या म्हणाल्या. "त्यात काय."

जाताना टेबलावर साडीचं एक पाकीट ठेवून गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. फाशीवरच्या संन्याशाला नवी साडी देतात, हे तेव्हा बघितलं. पाकीट मी त्यांच्या सासूबाईंच्या पंख्याखाली, त्यांच्याच बाकावर ठेवून आले.

आईला घरी सांगितलं. आई म्हणाली, "येवढी मोठी बाई असं कशाला करंल?" मग जरा वेळानं म्हणाली, "आन्‌ केलं आसंल तरी फादरनी माफी दिली ना तिला. मंग आपन कोन?"

आपण कोण. हा प्रश्न मला तेव्हापासून झोपू देत नाही. पाप माझ्यावर झालं. क्षमा देवानं दिली, फादरांच्या तोंडून, जाळीतून. ती मिळाली मॅडमना. त्यात मी कुठं आहे? माझं नाव निघालं का तिथं? मला कुणी विचारलं का, बाई, तुझी हरकत आहे का? अपमान उजेडात, सगळ्यांच्या देखत. पश्चात्ताप अंधारात, कुजबुजत. आणि खटला बंद. मी देवाशी भांडत नाही. मॅडमनी पैठणी नेसून येशूच्या पाया पडावं, माझं काही म्हणणं नाही. पण येशूची पिशवी कुणी उलटी केली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी मी कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. गुडघे टेकले. जाळीपलीकडं फादरांचा चष्मा चमकला. 'फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे,' अशी सुरुवात करायची असते. मी केली नाही.

"फादर, मी माझं पाप सांगायला आले नाही. दुसऱ्याचं सांगायला आले."

"इथे दुसऱ्याचं पाप सांगत नाहीत."

"मग दुसऱ्याचं पाप ज्याच्या अंगावर पडलं, त्यानं कुठं सांगायचं?"

रांगेतलं कुणीतरी खोकलं.

"साखळी कुणी परत दिली, ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "मलाही माहीत आहे. तुम्ही नाव घेऊ नका. एवढंच सांगा लोकांना, की ती मी घेतली नव्हती."

"मी काहीही सांगू शकत नाही. कुणी काय सांगितलं तेही नाही, आणि कुणी काय सांगितलं नाही तेही नाही. तुम्हाला हे कळतं."

"कळतं. म्हणजे माझं नाव तुमच्याजवळ कुलूपबंद आहे."

"राग सोडा," फादर म्हणाले. त्यांचा आवाज खरंच थकलेला होता. "क्षमा करा. तुम्ही क्षमा केलीत की तुम्हालाच शांती मिळेल."

"मागितली कुणी, फादर? क्षमा मागितलीच नाही. नुसतं मनात ठेवू नकोस म्हणाल्या."

त्यांनी मला प्रायश्चित्त दिलं. 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणा, त्या व्यक्तीसाठी. ज्याला राग आला, त्याला प्रायश्चित्त. मी उठले. नमो मरिया म्हटली नाही.

फादर वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वयानं माझ्याहून लहान. नवीन आलेले, मोटरसायकलवरून आजारी माणसांकडं जाणारे. त्यांनी मॅडमना जाळीआड काय सांगितलं, मला ठाऊक नाही. कदाचित सांगितलंही असेल, की बाई, त्या बाईचं नाव धुऊन दे. आणि मॅडमनी हो म्हटलं असेल. हो म्हणायला काय जातं. मला एवढंच माहीत आहे, की त्यांना माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि करता येत नव्हतं. मग त्यांनी जे केलं, त्यानं मी आगीतून फुफाट्यात पडले.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी आमच्यात पाय धुतात. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तसे फादर बारा जणांचे धुतात. वेदीपुढं बारा खुर्च्या मांडतात. त्या खुर्च्यांवर कोण बसतं? डॉक्टर. मॅडमचे मिस्टर. गायनमंडळाचा मुख्य. जे आधीच घासूनपुसून, अत्तर लावून येतात ते. मी इतकी वर्षं त्या विधीनंतर फरशीवरचं पाणी पुसलेलं आहे.

"या वर्षी बारा जणांत तुम्ही आहात," फादर मला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

मी हो म्हटलं. मला वाटलं, यांना वाट सापडली. बोलता येत नाही म्हणून हे माझ्यापुढं गुडघे टेकून दाखवणार, की ही बाई स्वच्छ आहे. आईला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं वजरी घेऊन स्वतः माझ्या टाचा घासल्या. "फादर हात लावनार," ती म्हणत होती. "भेगा दिसाया नको." आईच्या हातात माझा पाय, आणि ती खुशीत. मीही खुश होते. हे लिहिताना अंगावर काटा येतो.

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरलेलं. मी बाराव्या खुर्चीत. शेजारी मॅडमचे मिस्टर, पायांना पावडर लावलेली. मॅडम पहिल्या बाकावर. शुभवर्तमान वाचलं गेलं. त्यात शिष्य पेत्र येशूला म्हणतो, तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. फादरांनी वरचा झगा काढला, कमरेला टॉवेल बांधला, घंगाळ घेतलं. गाणं सुरू झालं.

आणि माझ्या पाठीमागून, पहिल्या-दुसऱ्या बाकावरून, बायकांचा आवाज आला. कुजबुजच, पण मला ऐकू यावं एवढी.

"बघ, कबूल केलं म्हणून पुढं बसवलं."

"येशूनंही पापिणीला जवळ केलं होतं."

"फादरांचं मन मोठं गं. चोराचेसुद्धा पाय धुतात."

फादर एकेका खुर्चीपुढं गुडघे टेकत, पाणी ओतत, टॉवेलनं पुसत, पुढं येत होते. आणि मला दिसलं. माझे पाय धुतले की हे कायमचं होणार. आजवर मी अंगणातली चोर होते, आता वेदीसमोरची चोर होणार. क्षमा झालेली. फादरांना वाटत होतं ते माझा मान करताहेत. लोकांना वाटत होतं ते माझं पाप धूत आहेत. आणि मी खुर्चीत बसून, पाय पुढं करून, त्याला होकार देत होते. ज्याचं धुतात त्याचं आधी मळलेलं असतं.

फादर माझ्यापुढं आले. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पाय पुढे घ्या," ते हळू म्हणाले.

"नाही."

"सगळे बघताहेत."

"बघू द्या."

मी उठून उभी राहिले. लोकांकडं वळले. माईक नव्हता, गाणं चालू होतं. बोर्डिंगात आई शंभर पोरांना जेवायला हाक मारायची, तो आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मी साखळी चोरली नाही," मी म्हणाले. "मी ती परतही दिली नाही. मी कुठलंही कन्फेशन केलेलं नाही. ज्यांना क्षमा झाली त्या दुसऱ्या आहेत. फादरना बोलता येत नाही. मला येतं. साखळी पैठणीच्या घडीत होती. ज्यांच्या पैठणीत होती, त्यांनी उभं राहावं."

गाणं विस्कटलं. एकेक आवाज गळाला आणि शेवटी नुसती पेटी वाजत राहिली. मॅडमनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं. त्यांचे मिस्टर ओल्या पायांनी खुर्चीत बसून होते, काय करावं ते न कळून. त्यांना खरोखर माहीत नसावं. माउलीच्या सणाला अख्ख्या चर्चमध्ये पैठणी कोण नेसतं, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. सगळ्यांना समजलं. मी ते त्यांच्या चेहऱ्यांवर बघितलं. आणि मग एकेक चेहरा पुन्हा बंद होताना बघितला. कारण माझं खरं मानायचं, तर अंगणात बघत उभे राहिलेले सगळेच मध्ये येत होते.

कुणी उभं राहिलं नाही. मॅडम नाहीत, दुसरं कुणी नाही. पेटीवाल्यानं नवीन गाणं धरलं, मोठ्या आवाजात. फादर घंगाळ घेऊन गुडघ्यांवरच होते. मी मधल्या वाटेनं बाहेर आले.

आई मागून आली. रस्त्यानं वणीच्या देवीच्या यात्रेला पायी निघालेली माणसं जात होती, भगवे झेंडे घेऊन, डफ वाजवत. आम्हाला रिक्षा मिळेना. आई त्या गर्दीच्या कडेनं माझ्यापुढं चालत राहिली. घराजवळ आल्यावर थांबली.

"घेतली नव्हतीस तू," ती म्हणाली. "समाजलं मला."

मी दाराचं कुलूप काढलं.

"पन फादरचा हात झिडकारायचा नव्हता बाय. सनाच्या दिसी."

माझं चर्चचं काम गेलं. तुम्ही थोडी विश्रांती घ्या, असं सांगितलं. आता मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते, सातपूरलाच, कारखान्यातल्या पोरांसाठी. तिथं माझी पिशवी कुणी बघत नाही. चर्चमध्ये दोन तट पडले म्हणतात. काही म्हणतात, खरं असेल. बहुतेक म्हणतात, खरं असलं तरी वेदीसमोर तमाशा करायचा नव्हता. खऱ्याला जागा कुठली, ते कुणी सांगत नाही. मंडळाच्या अध्यक्ष अजून मॅडमच आहेत.

ईस्टरनंतर फादर घरी आले. आईनं त्यांना खुर्ची पुसून दिली. चहा दिला.

"किती दिवस धरून ठेवणार?" त्यांनी विचारलं. "क्षमा न करणं हेही पाप आहे."

"फादर, मी क्षमा धरून ठेवलेली नाही. कुणी मागायला आलंच नाही. माझं दार उघडं आहे. पण मागायची तर अंगणात मागायची. त्याच आवाजात. ज्यांनी बघितलं त्यांच्यासमोर. तुमच्या जाळीत जी दिली ती देवाची होती. ही माझी आहे. ती तुम्हाला माझ्या वतीनं देता येत नाही."

त्यांनी मान खाली घातली. चहा पिऊन गेले.

मी चर्च सोडलेलं नाही. लोकांना वाटलं होतं सोडेन. ते माझ्या आजोबांनी उपाशी पोटी मिळवलेलं घर आहे, मी का सोडू? दर रविवारी जाते आणि पहिल्या बाकावर, कडेला बसते. मॅडमच्याच बाकावर. येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणते. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की तोंड मिटते. देवाच्या घरात मी खोटं बोलत नाही. पुढची ओळ पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणते.

मग ख्रिस्तप्रसादाची रांग लागते. अख्खं चर्च उठतं. आमच्यात जो उठत नाही, त्याच्या मनात पाप आहे असं समजतात. समजू द्या. मॅडमना बाहेर निघायला माझ्यावरूनच जावं लागतं. त्या 'एक्स्क्यूज मी' म्हणतात, माझ्याकडं न बघता. मी गुडघे बाजूला घेते. त्या पुढं जातात, हात जोडतात, तोंड उघडतात, प्रसाद घेतात, परत येतात. पुन्हा 'एक्स्क्यूज मी'. एक दिवस त्यांना त्याच्या पुढचं वाक्य बोलावं लागेल. किंवा बोलणार नाहीत. मी वाट बघत नाही. पण जोवर ते वाक्य अंगणात मोठ्यानं बोललं जात नाही, तोवर सगळं चर्च उठलं तरी मी उठणार नाही.